रेंग्गानिसचा नमस्कार

२१ जुलै
वहीची माफी. फेब्रुवारीनंतर आजच उघडतेय. सबबी पुष्कळ आहेत, पण स्वतःलाच काय सांगायच्या?

नव्या वर्षात रेंग्गानिस माझ्या वर्गात. आठ वर्षांची, ऑटिझम, बोलत नाही. हेडमास्तर म्हणाले, बावीस वर्षांचा अनुभव शाळेत आणखी कोणाला आहे? खरंच कोणाला नाही. मदतीला नूनिक, दोन वर्षांपूर्वी लागलेली, अजून कायम नाही.

संकल्प: सतरा ऑगस्टच्या, इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यदिनापर्यंत ती फाटकाशी इतर मुलांसारखी शिक्षकांचा हात हातात घेऊन कपाळाला लावेल. बाकी सगळं शिक्षण त्यानंतर.

२४ जुलै, दुपार
फाटकाशी रेंग्गानिसने हात पाठीमागे लपवले. मी एक हलकेच ओढून घेतला. किंकाळी. घाई केली का मी? नाही. पहिल्या आठवड्यात सगळीच रडतात.

२९ जुलै
नूनिक उकिडवी बसते, भिंतीवर तळवा टेकवते. मुलगी वीतभर अंतरावर आपला टेकवते. झाला म्हणे नमस्कार. मी म्हटलं, आज भिंत, उद्या विजेच्या खांबाच्या पाया पडेल. स्टाफरूम हसली. नूनिक हसली नाही.

"बाई, तिला हात नको असतो. तुम्ही नको असता असं नाही."

मायाळू आहे पोरगी. पण माया म्हणजे पद्धत नव्हे.

६ ऑगस्ट
यश! दोनदा केलं. डोळे घट्ट मिटून, पण केलं. दुसऱ्या वेळी स्कर्ट ओला झाला. पाणी जास्त प्यायली असावी.

११ ऑगस्ट
तिची आई तुगिनेम बाजारात टेम्पेच्या सोयाबीन वड्या तळून विकते. सांगत होती, पोर हल्ली जेवतानाही हात बाहीतून काढत नाही, भरवावं लागतं. मी समजावलं, हा एक टप्पा असतो. टप्पा हा शब्द मी फार वापरते का?

१७ ऑगस्ट
लाल-पांढरा झेंडा वर गेला. मग पाहुण्यांपुढे मुलांची रांग. रेंग्गानिसचा हात मुठीत धरून मी शिक्षण खात्याच्या साहेबांपर्यंत नेला. ती माझ्या मनगटाला कडकडून चावली. तुगिनेम धावत आली, पोरीला कडेवर घेतलं आणि माझाच हात कपाळाला लावून माफी मागितली. मी लावू दिला.

नंतर पापडांची शर्यत. दोरीला टांगलेला पापड, दोन्ही हात पाठीमागे, तोंडानेच खायचा. तिला जमली असती.

१८ ऑगस्ट
मनगट सुजलंय. ती आली नाही.

२५ ऑगस्ट
तुगिनेम शाळा सोडल्याचा अर्ज घेऊन आली. विशेष मुलांची शाळा चाळीस किलोमीटरवर, म्हणजे पोर आता घरीच. तिला लिहिता येत नाही. कारणाच्या रकान्यात काय घालायचं, तिने मलाच विचारलं. मी लिहिलं: घरगुती अडचण. तिने अंगठा दिला.

हेडमास्तर म्हणाले, तुम्हाला जमलं नाही ते कोणालाच जमलं नसतं. बरं वाटलं. नूनिकने विचारलं, एक महिना मला देऊन बघाल? मी म्हटलं, तुला अनुभव नाही.

२६ ऑगस्ट
दिवसभर माझंच ते वाक्य कानात. म्हणून अनुभव मोजायला बसले. बावीस वर्षं, दरसाल तीसेक मुलं. त्यांत रेंग्गानिससारखी किती? एक.

नूनिकच्या दोन वर्षांत? एक. तीच.

अर्ज शुक्रवारी वर जाणार. अजून हेडमास्तरांच्या टेबलावर आहे.

उद्या: अर्ज परत मागायचा.