घराच्या श्वासावरचं बीजभाषण

२ डिसेंबर
वास्तुकलेच्या परिषदेचं बीजभाषण माझं. विषय मीच सुचवला: 'गवाक्ष ते काचेची भिंत: घराच्या श्वासाचा इतिहास'. अठरा तारखेला. रोज सकाळी घरीच रेकॉर्ड करून ऐकायचं, असा संकल्प. सासरे आमच्याकडेच असतात, त्यांना विषय सांगितला. म्हणाले, जावईबापू, घर श्वास घेतं ते ठीक, बोलताना मधूनमधून तुम्हीही घेत जा, ऐकणाऱ्यांना बरं पडतं.

४ डिसेंबर
रेकॉर्डिंग ऐकलं. आवाज धीरगंभीर. पण प्राचीन वातायनांचं वर्णन ऐन रंगात आलेलं असताना शेजारचा मिक्सर. तो येतो बाथरूमच्या झरोक्यातून, आणि बाथरूमचं दार उघडतं माझ्याच खोलीत. वास्तुविशारद कोण होता कोण जाणे.

५ डिसेंबर
झरोक्यात थर्माकोल कापून बसवला, कडेनं चिकटपट्टी. माझ्या खिडकीच्या फटीही बुजवल्या. अप्रतिम शांतता. हिनं विचारलं, आत गॅसचा गीझर आहे, असं सगळं बंद केलेलं चालतं का? म्हटलं, आरोग्यदायी इमारतींवर भाषण कुणाचं आहे? ती म्हणाली, तुमचंच हो. सासरे खूश. आंघोळीच्या वेळी पाठीवर येणारा गार झोत थांबला.

८ डिसेंबर
डोकं जड. अतिचिंतन. हिचंही दुखतं, पण ऑफिसात पोचली की थांबतं म्हणे. घरकामाचा कंटाळा, दुसरं काय. गोळी घेऊन 'कोंदट घरांत राहणाऱ्यांची लक्षणं' हा परिच्छेद पुन्हा लिहिला. कमालीचा जिवंत उतरलाय.

१० डिसेंबर
गीझरची ज्योत निळी असायची, ती पिवळी झालीये. मेणबत्तीसारखी. बाथरूमला एकदम जुन्या वास्तूची कळा. भाषणात घ्यावं का?

१३ डिसेंबर
सासऱ्यांनी बऱ्याच दिवसांत एकही टोमणा मारलेला नाही. आंघोळ झाली की पलंगावर पडून छताकडे बघत राहतात. आज त्यांना अख्खं भाषण वाचून दाखवलं. मधे चकार शब्द नाही. शेवटी मला मेव्हण्याच्या नावानं हाक मारली. विषयात इतके बुडाले होते. हिला काळजी, बाबा असे गप्प का. म्हटलं, इतक्या वर्षांनी त्यांना जावई कळला.

१४ डिसेंबर
ही झरोका उघडायला स्टुलावर चढली होती. उतरवली. अठरापर्यंत कुणी हात लावायचा नाही. म्हणाली, अहो, बाबांना काल शर्टाची बटणं लावता येत नव्हती. वय झालंय, असं समजावलं. तिनं स्टूल जागेवर ठेवलं नाही, तिथेच ठेवलं.

१६ डिसेंबर, सकाळ
रंगीत तालीम. ही ऑफिसला. सासरे आंघोळीला आत. रेकॉर्डिंग चालू करतोय. पाण्याचा एकसारखा आवाज येतोय, पण पार्श्वसंगीत म्हणून खपेल. आज त्यांचं पाणी जरा जास्तच वेळ वाहतंय. हाक मारणार होतो, पण ते रेकॉर्ड झालं असतं. पाय जड. लक्षणांचा परिच्छेद बसूनच वाचावा.

१९ डिसेंबर
हॉस्पिटल. ही डबा विसरली म्हणून परत आली, म्हणून हे लिहितोय. बाथरूमची कडी तिनं खांद्यानं तोडली. खिडकी मात्र माझ्या गेल्या परिषदेच्या सन्मानचिन्हानं. चिन्ह रस्त्यावर सापडलं म्हणे, शाबूत. सासरे मोरीजवळ पडलेले, मी टेबलाखाली. माझं भाषण काल दुसऱ्या कुणीतरी केलं. लोकांना आवडलं.

डॉक्टरांनी विचारलं, झरोका कुणी बुजवला? मी म्हणालो, आवाज फार येत होता.  नंतर हिनं फोन आणून माझ्या हातात ठेवला. रेकॉर्डिंग चालूच राहिलं होतं.

ऐकलं. माझा आवाज येतो, हळू होत जातो, 'ग्लानी' या शब्दावर थांबतो. मग नुसतं पाणी. बराच वेळ पाणी. मग हिची हाक, दार, काच.

शेजारच्या खाटेवर सासऱ्यांनी मास्क बाजूला केला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाले, जावईबापू, ते रेकॉर्डिंग काच फुटते तिथून परत लावा. भाषणात तेवढ्याच जागी हवा आहे.

लावलं.