रक्त जास्त झाल्याबद्दल

मु. गुंजवणे, ता. वेल्हे
रविवार, ८ फेब्रुवारी १९७०

तीर्थस्वरूप अक्का हिस,

धाकट्या सावळारामाचा दंडवत. तुझे गुडघे, दाजींचा दमा आणि तुमची म्हैस या तिघांची खुशाली कळवावी. क्रम तुमच्या घरात ज्याला जसा मान असेल तसा लावावा. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. पत्र तुला दाजीच वाचून दाखवणार. त्यांनी कंसातला मजकूर मनात वाचावा. (दाजी, मनात म्हणजे ओठ न हलवता. अक्कानं मध्येच का थांबलात विचारलं, तर उबळ आली म्हणा.)

तर माझ्या आजारपणाची हकीकत. गावोगाव काहीबाही बोललं जातंय, म्हणून खरं काय ते कळवतो. गेल्या पावसाळ्यात माझं डोकं जड व्हायला लागलं, पायाच्या बोटांची आग व्हायला लागली आणि गरम पाण्यानं अंघोळ केली की अंगभर लाल मुंग्या सोडल्यासारखी खाज सुटायची. अंजनाचं निदान सगळ्यांत आधी झालं. "आंगुळ चुकवायला रोग काढलाय ह्यास्नी," असं तिनं पाणवठ्यावर जाहीर केलं. वीस वर्षं संसार केलेल्या बाईकडून माणसाला हीच सहानुभूती मिळते. त्यात चेहरा दिवसेंदिवस लालबुंद. चालताना झोक जायचा. मी पडलो गावच्या दारूबंदी समितीचा चिटणीस! समितीचे दोन सभासद ठराव वाचायच्या निमित्तानं माझ्या तोंडाशी येऊन हुंगून गेले. वास आला नाही तेव्हा दोघांचे चेहरे उतरले.

मग भोरच्या एका डॉक्टरांकडे गेलो. (नाव सांगत नाही, दाजी. तुम्ही त्यांनाच दम्यासाठी दाखवता, आणि तो दमा अजून का आहे ते आता मला कळलंय.) त्यांनी नाडी धरली आणि घड्याळाकडे बघत "अशक्तपणा आहे, रक्त कमी पडतंय" असं सांगितलं. टोमॅटोसारख्या लाल माणसाला रक्त कमी! लोहाच्या औषधाच्या तीन बाटल्या रिचवल्या. ही बातमी तुमच्या सारोळ्याला पोचताच दाजींनी पोतंभर हळीव, खजूर आणि 'बोकडाचे काळीज खावे' असा लेखी सल्ला पाठवला. मी सगळं खाल्लं. (दाजी, पोळ्याच्या बैलालाही इतकं कुणी चारत नाही.) महिन्याभरात आरशात बघायची सोय राहिली नाही. वर्गातल्या पोरांनी माझं नाव गुलाल ठेवलं.

शेवटी पुण्याचा मोठा दवाखाना गाठला. तिथल्या डॉक्टरांनी डाव्या कुशीत बोटं खुपसली आणि पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढलीय म्हणाले. मग शिकाऊ डॉक्टरांना हाक मारली. आठ जणांनी ओळीनं माझं पोट चाचपलं. बाजारात कलिंगड घेताना लोक याहून कमी दाबतात. बोटातलं रक्त काढलं. ते तपासणाऱ्या माणसाला स्वतःच्या यंत्रावर विश्वास बसेना, म्हणून दुसऱ्यांदा काढलं. हिमोग्लोबिन जिथे चौदा-पंधरा असायला हवं तिथे माझं भरलं एकवीस. जन्मात कुठल्या परीक्षेत मला अपेक्षेपेक्षा जास्त गुण मिळाले नव्हते, ते इथे मिळाले. रोगाचं नाव पॉलिसायथेमिया. म्हणजे हाडांच्या आत रक्त तयार होतं, ते माझ्या हाडांना थांबवताच येत नाही. लाखात एखाद्याला होतो म्हणे. पंचवीस वर्षं मास्तरकी करून लाखात एक ठरलो नाही, तो असा ठरलो.

आता उपाय ऐक. चांगलं बाटलीभर रक्त काढून घ्यायचं. आधी दर आठवड्याला एक, अशा चार बाटल्या, आणि पुढे दोन-तीन महिन्यांनी एक, जन्मभर! पाणी भरपूर प्यायचं, तंबाखू बंद, लोहाचं औषध बंद, हळीव बंद. (दाजी, हे मात्र मोठ्यानं वाचा.) रक्त घट्ट होऊन मेंदूत अडकलं तर अर्धांग होईल, असंही डॉक्टरांनी बजावलं. भीती घातल्याशिवाय या लोकांचा दवाखाना चालत नाही.

पाच जानेवारीला पहिली बाटली काढली. ती कुणाला देणार असं मी नर्सबाईंना विचारलं. एखाद्या जवानाला, नाहीतर बाळंतिणीला, अशी माझी कल्पना. "टाकून देतो गुरुजी, असलं रक्त चालत नाही," त्या म्हणाल्या. आपल्या घराण्याचं रक्त, आणि मोरीत! हा अपमान मी विसरणार नाही. म्हणून पुढच्या बाटल्यांना गेलो नाही. शिवाय एस.टी.ला गर्दी असते, शाळेत तपासणी आहे, आणि प्रकृती एकदम ठणठणीत आहे. तर काळजी नसावी.

आता तू म्हणशील, सखूबाईनं हेच सांगितलं होतं. तुझी ही सवय मला ठाऊक आहे. गेल्या जत्रेत तू मला तुमच्या ओट्यावर त्या तुंबडी लावून रक्त काढणाऱ्या म्हातारीपुढे बसवलंस, तिनं माझे डोळे ताणून पाहिले आणि "ह्या गड्याच्या अंगात रगात लई झालंय, काडाया पायजे," म्हणाली. त्यावर मी पाहुण्यांसमोर अर्धा तास विज्ञानावर बोललो आणि जेवणाचं ताट सोडून उठलो. बोललो ते आजही खरं आहे. तुंबडीत चमचाभर निघतं, मला मोजून बाटली लागते. आणि ती म्हातारी सगळ्यांनाच तेच सांगते, एकदा कुणाला तरी लागू पडणारच. तुंबडी लावताना माणसाला त्याच्या शेतांची नावं घ्यायला लावायची, म्हणजे त्याचं रक्ताकडे लक्ष जात नाही, असलं का कुठे शास्त्र असतं! ज्याला शेत नाही त्याला म्हणे शेजाऱ्याची चालतात. असो. थोरांस नमस्कार, म्हशीस वैरण.

तुझा,
सावळाराम

ता. क. दाजी, इथून पुढे कंस नाहीत, सगळं मोठ्यानं वाचा. काल सकाळी तिसरीच्या वर्गात फळ्यावर लिहिताना खडू हातातून पडला. उचलायला गेलो तर उजवा हात उठेना. पोरांना गप्प बसा म्हणायचं होतं, जीभ वळेना. पाव तासानं सगळं जागेवर आलं. पोरांना वाटलं गुरुजी सोंग करतायत, ती हसत होती. मी भ्यालो, अक्का. फार भ्यालो. अंजनाला सांगितलेलं नाही.

ता. क. दुसरा. मोरीचा अपमान वगैरे खोटं आहे. पहिल्या वेळी सुई बघून मी बाटली अर्धी भरायच्या आत बेशुद्ध पडलो होतो. परवा मंगळवारी पुन्हा जायचं आहे, आणि एकट्याच्यानं व्हायचं नाही. पत्र उद्या पहाटेच्या एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती देतोय. मंगळवारी सकाळी आठला नसरापूर फाट्यावर थांब. दाजींना आणू नकोस, ते बाकड्यावरच्या सगळ्यांना हळीव सांगत बसतील.

ता. क. तिसरा. आपली शेतं चारच, टेपाचं, वाकाण, खाचर आणि चिंचेखालचं. मी घरी म्हणून पाहिली, लगेच संपतात. बाटली भरायला वीस मिनिटं लागतात. तेव्हा येताना तुझ्या सासरचीही सगळी पाठ करून ये.