शर्यतीचे लाडू

शहादे, शनिवार, पौष वद्य. दिवेलागण.

उद्या म्हसावदपर्यंत सायकलची शर्यत! मी आणि शेजारचा दगडू, सकाळी सहाला, अंधारातच निघायचं. आणि मी मूर्ख! काय खाऊन निघावं याचाच काथ्याकूट दोघे दुपारभर करत बसलो. तो म्हणे दूध-भाकर, मी म्हणे मेथीचे लाडू. दूध पोटात डुचमळेल, लाडू जड होतील... शेवटी ठरलं, लाडूच. सहाला निघताना सूर्य उगवलेला नसणार, म्हणून आत्ताच दोन खाऊन घ्यावेत म्हणून उठलो, तर सूर्य बुडालेला! आमच्या जैन घरात सूर्य बुडाला की तो उगवेपर्यंत कुणी घास घेत नाही. आईपुढे बोलायची सोय नाही. लाडूचा डबा समोर आणि मी नुसता बघतोय.

दगडूला म्हटलं, तुमच्याकडे हा नेम नाही, तू खाऊन ये, जिंकशील. तो भडकलाच. "तू उपाशी नि मी खाईसन पळू? मी बी उपाशीच ऱ्हासू. सूर्य निंघना का दोन्ही संगे खाऊत."

आईनं ते ऐकलं. लाडूंची पुरचुंडी बांधताना त्याचेही चार घातले.

सायकलचा घासलेटचा दिवा तीनदा पुसून झाला. सूर्य निघेल तेव्हा पुढे कोण असेल? दगडूचे पाय माझ्यापेक्षा दणकट. हरलो तर वर्षभर चिडवेल. पण लाडू! पुरचुंडी मी माझ्याच हॅन्डलला बांधून टाकलीय, दोन गाठी मारून. जा म्हणावं आता पुढे!