गडग्यातले चार चिरे

तीर्थस्वरूप कायतानदादास,

धाकट्या इनासचा नमस्कार. तू खुशाल असणारच. सकाळी गडग्यापलीकडून तुझा खोकला ऐकला, चांगला खणखणीत आहे. (अडुळसा घे.) शेजारी राहून पत्र लिहितो, कारण फणसाच्या झाडावरून आपण मध्ये गडगा घातला, त्याला नऊ वर्षं झाली, आणि बोलायचं नाही या शब्दाला मी पक्का आहे.

तर रविवारी फादरनी मिस्साला विचारलं, रोज 'तुझे राज्य येवो' म्हणता, पण ते आलंच तर तुमच्या आवारात शिरायला त्याला वाट आहे का? मी जोरात मान डोलावली. (प्रवचन नेहमी पुढच्या बाकावरच्यासाठी असतं.) माझी बायको फिलोमिना (तिच्याशी तू चोरून बोलतोस, ते मला ठाऊक आहे) घरी आली ती थेट पहार घेऊन गडग्यापाशी, आणि चार चिरे उपटून मोकळी. मी हद्दीचा मुद्दा काढला, तर म्हणते, "देवाचा राज्य मोजणीदाराक विचारून येतला काय?"

त्या वाटेने राज्य आलं नाही, तुझी शेळी आली. संध्याकाळच्या लादनीच्या प्रार्थनेसाठी अंगणातल्या खुरसाला, क्रुसाच्या दोन्ही हातांवरून घातलेला अबोलीचा हार तिने दोन घासांत संपवला. मी भोक बुजवायला चिरा खांद्यावर घेतला आणि नेमके तेव्हाच लादीन गाणारे फादरसकट अंगणात. त्यांना वाटलं, मी गडगा पाडतोय. फादर गहिवरले. वाडीतल्या सत्यवानने (तो दरवर्षी प्रसादाच्या चण्यांसाठी येतो) मला चक्क हात जोडले. नऊ वर्षं कमावलेलं नाव एका क्षणात गेलं. चिरा खाली ठेवायचा तर कुठे? गडग्यावर ठेवला तर सैतान, अंगणात ठेवला तर संत. 'आमच्या बापा'ची अख्खी प्रार्थना होईपर्यंत तसाच उभा राहिलो. मग खांदाच म्हणाला, संत हो.

तुझा (सातबारापुरताच वैरी)
इनास

ता. क. शेळी बांधून ठेवली आहे. ती तुझी, हे मान्य. फणसाचं तसं नाही.

आणखी एक. लादनीत वरचा सूर मी एकट्याने ओढला. खालचा पप्पांनी फक्त तुला शिकवला होता. त्या जागी शेळी ओरडली. लोकांना फरक कळला नाही, मला कळला. शनिवारी पुन्हा लादीन आहे.

शेवटचं. हे पत्र पोस्टात टाकलेलं नाही, भोकातल्या सुट्या चिऱ्याखाली ठेवलं आहे. वाचायला चिरा उचललाच आहेस, तर परत ठेवू नकोस.