देवणीचे पहिले हजार

२ नोव्हें. मीटर ११
गाडी आली. शोरूम ते घर सरळ चार किमी. मी अकरा केले. आख्खं नांदेड दाखवलं तिला.
पांढरी, त्यावर काळे पट्टे, टाकी वशिंडासारखी वर आलेली. नाव ठेवलं देवणी, आमच्याकडच्या गायीबैलांच्या जातीवरून. पप्पा म्हणाले, "गाडीला जनावराचं नाव?" मग काय माणसाचं ठेवू?
उंच लई. नुसते चवडे टेकतात. वजिराबादला सिग्नलवर कललो, कसाबसा सावरलो. शेजारचा ऑटोवाला: "भाऊ, सोबत शिडी ठेवा."
पुस्तक वाचलं (दहावीनंतर पूर्ण वाचलेलं पहिलं). पहिले हजार किमी आरपीएमचा काटा साडेचार हजाराच्या वर न्यायचा न्हाई. एकाच वेगात लई वेळ न्हाई. वजन न्हाई. मग पहिली सर्व्हिस. तवर इंजिन लहान लेकरू.

४ नोव्हें. मी. १३८
देशमुख मॅडमचा फोन. ह्या गाड्यांच्या सहली काढतात, नांदेडहून. डिसेंबरात कच्छ, पंधरा गाड्या, बारा दिवस. मला 'शेवटची गाडी' देणार. म्हंजे सगळ्यांच्या मागं मी. कुणी पंक्चर झालं, पडलं, भ्यालं, की त्याच्यापाशी थांबायचं. पुढं जमलं तर कायमचं काम.
अटी दोन. पहिली सर्व्हिस होऊन गाडीची वॉरंटी चालू पाहिजे. दुसरी: "मध्येच गायब व्हायचं नाही."
मागल्या वर्षी औंढ्याच्या ट्रिपला मी मदतीला होतो तर रस्त्यात कुस्त्या लागल्या. दोन तास. बाईंना आठवण पक्की.
लातूरचा क्लास सात महिन्यांत सोडला. आयटीआय दीड वर्ष. पवनचक्कीची साईट तीन वर्षं, तीच त्यातल्या त्यात लांब. आता हे. हे सोडणार न्हाई. तारीख टाकून लिहितो.

६ नोव्हें. मी. ३०२
नायगावपर्यंत जाऊन परत यायचं ठरलं होतं. मुखेडला पोचलो. कसं, विचारू नये.
मागं पुठ्ठा लावलाय: 'नवीन गाडी, रनिंगमध्ये, पुढे जा'. सगळे पुढं जातात. आज कापसाचं ट्रॅक्टर गेलं. वर बसलेली बाई वळून वळून बघून राहिली होती, तिला पुठ्ठा वाचता आला असावा, हसली.
इंजिन गोड. चौथ्या गिअरात चाळीसला घुमतं नुसतं. माझा हात चुकणार न्हाई, इतकं कळून राहिलंय.

९ नोव्हें. मी. ४६०
लातूर. पल्लवीला भेटलो. बहीण, नीटचा दुसरा अटेम्प्ट, होस्टेलला हाय. क्लासची गल्ली तशीच. भिंतीभर टॉपर पोरांचे फोटो, खाली डब्यांच्या सायकली, पाठीवर सॅक घेतलेली शेकडो पोरं. माझ्या जुन्या क्लासच्या पुढून मी कधी जात न्हाई. आज मुद्दाम गेलो. फेऱ्यांचा काटा अडीच हजारावर, मान सरळ.
गाडीभोवती गर्दी. एक चष्मेवाला: "दादा, टॉप स्पीड?"
"साठ."
सगळे फिदीफिदी.
पल्लवी: "दाद्या, हजार किमी झाल्यावर हिचं रनिंग संपतं ना? तुझं कधी संपायचं?"
तिला आइस्क्रीम दिलं. खाताना पण हातात नोट्स. म्हणाली, "कच्छला जाशील ना खरंच? की मध्येच बैल बघायला?" म्हणलं, जाईन. म्हणाली, "मी पण ह्या वेळी नीट काढतेच."

१० नोव्हें. मी. ५३४
मामाकडं मुक्काम, औशाच्या पुढं. भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं गाव. रस्ते पट्टी धरून आखल्यावानी सरळ, रुंद, रिकामे. रनिंगला यापेक्षा भारी जागा न्हाई. एक ते चौथा, चौथा ते एक, आख्ख्या गावाला बावीस चकरा. म्हाताऱ्या ओट्यावरून: "कुणाचं रं हे? काय हरवलंय याचं?"
मामाची मोपेड अजून चालू. भूकंपाच्या साली कोरी होती. त्या आठवड्यात मामानं तिच्यावर दूध, निरोप, डॉक्टर, सगळं वाहिलं. जुन्या गावातलं घर गेलं, आजोबा गेले, मोपेड राहिली. मामा तिला हात लावताना चप्पल काढतो.
देवणीला बघून बराच वेळ नुसता फिरला भोवती. "लई थोर जनावर हाय. आंघोळीला जा तू, मी पुसून ठेवतो."

११ नोव्हें. मी. ७१८
धूर.
औशाच्या अलीकडं आरशात दिसला. आधी वाटलं मागं कुणी पाचट जाळलंय. थांबलो. सायलेन्सरमधून, निळसर, दाट. रेस दिली की ढग. पेट्रोल अर्धी टाकी. ऑइल बरोबर, दोन्ही चाकांवर सरळ उभी करून तीनदा बघितलं. तापमान बरोबर.
चाळीसनं नांदेडपर्यंत आणली. अहमदपूरच्या पुढं इंजिनाचा पिवळा दिवा लागला. काटा एकदाबी चार हजारावर नेला न्हाई मी. एकदाबी.

१२ नोव्हें. मी. ७२५
सर्व्हिसवाल्यानं धूर बघितला आणि आवाज बारीक केला, डॉक्टर करतात तसा. "पिस्टनच्या रिंगा बसल्या नसतील. इंजिन खोलावं लागेल. वरून परवानगी येईपर्यंत तीन आठवडे."
तीन आठवड्यांनी गाड्या कच्छच्या वाटेला लागलेल्या असतील.
"जोरात चालवली का?"
म्हणलं, मला ट्रॅक्टर ओव्हरटेक करतात. हसला न्हाई.
दोन दिवस द्या म्हणून गाडी परत आणली. इंजिन खराब न्हाई. मी बसतो तिच्यावर, मला ठाऊक.

१३ नोव्हें. मी. ७२९
इतवाऱ्यात सलीमभाई. पप्पांच्या पहिल्या स्कूटरपासून आमच्या घरच्या सगळ्या गाड्या त्यांच्याकडं. म्हणलं, कंपनीचं सील तोडायचं न्हाई. "तोडता कौन है? चालू तो कर."
चालू केली. सलीमभाई सायलेन्सरपाशी उकिडवे बसले, नाक पुढं करून. डोळे मिटले. बिर्याणीचं झाकण उघडल्यावर बसावं तसे.
"ये बास तो मोपेड की है बेटा. पेट्रोल में टूटी ऑइल है. इंजिन अच्छा है, पेट में गडबड है. किसने पिलाया?"
टूटी म्हंजे जुन्या मोपेडीत पेट्रोलमध्ये मिसळायचं ते तेल. माझ्या डोळ्यापुढं मामाचं अंगण.
फोन लावला.
"हाव, म्याच पाजली. घुटी हाय ती. नव्या इंजिनाला पयल्या टाकीत पाजावीच लागती, न्हाईतर कोठा कोरडा पडतो. माझी मोपेड तीस वर्सं उगं चालली का?"
"मामा, किती टाकलं?"
"लहान गाडीला झाकणभर. ही थोर, म्हणून आख्खी बाटली."
अर्ध्या टाकीत अर्धा लिटर. पलीकडून मामा: "तुला बी घुटी मीच पाजली व्हती. तू काय वाळला का?"
सलीमभाई पोट धरून. मीबी हसलो. मग हसू थांबलं.

१४ नोव्हें. मी. ७२९
टाकी रिकामी केली. कॅन भरून निघालेलं पेट्रोल मामाच्या मोपेडसाठी ठेवलं, तिला चालतं. प्लग काळाकुट्ट, नवा टाकला. ताजं पेट्रोल. पहिली दहा मिनिटं धूर, मग कमी, मग फिका. दिवा गेला. सलीमभाई म्हणतात, आत चिकटलेलं जळायला वेळ लागंल, चालवत ऱ्हा.
मामाला सांगितलं न्हाई की गाडीला त्रास झाला. त्यानं रात्री स्वतःहून फोन करून विचारलं, "पोरगी बरी हाय ना?" म्हणलं, बरी हाय.

१८ नोव्हें. मी. ९९६
चार दिवस शहाण्यासारखा चाललो. देगलूर, कंधार, लोहा. कुठंबी विनाकारण थांबलो न्हाई (कंधारचा किल्ला सोडून).
आज सर्व्हिस. त्यानं विचारलं, धूर कशानं होता? गप बसलो असतो तर इंजिन खोलायचं चक्र परत चालू. सांगितलं तर... सांगितलं. घुटी वगैरे सगळं.
त्यानं पेन खाली ठेवलं. "हे फाईलला लिहावं लागेल. इंजिनाची वॉरंटी जाईल मग."
"लिहा."
लिहिताना त्याला 'मामा' कुठल्या रकान्यात टाकावं कळेना. शेवटी 'नातेवाईक' लिहिलं.
पहिल्या सर्व्हिसचा शिक्का बसला. शेजारी लाल शाईत दोन ओळी.

१९ नोव्हें. मी. १००४
मॅडमला फोन. पाठ केलेलं भाषण विसरलो. बसल्या बसल्या सगळं बोलून टाकलं, मामाची चप्पल पण.
"वॉरंटीची अट मी उगाच घालत नाही. रणात गाडी बंद पडली तर शेवटच्या गाडीच्या मागे कोण येणार?"
बरोबर हाय.
"रविवारी पाच जणांना माहूरला नेतेय. शेवटच्या गाडीवर या. धूर मला बघायचाय. आणि तुम्हालाही."

२३ नोव्हें. मी. १३१७
माहूर.
सात गाड्या. माझ्या पुढं एक दाताचे डॉक्टर, नवी गाडी, लई भित्रे. दर पुलावर फोटो. बाकीचे दिसेनासे. मी त्यांच्या मागं, वीस फूट सोडून. सहस्रकुंड धबधब्याची पाटी आली. पाण्याचा आवाज येतो का म्हणून कान टवकारले, खोटं कशाला बोलू. हँडल सरळ ठेवलं.
घाटात डॉक्टर वळणावरच थिजले. पाय दोन्ही खाली, गाडी चढावर. "मला नाही जमणार हो." उतरलो, त्यांच्या मागच्या चाकाला दगड लावला, पाण्याची बाटली दिली. घाई केली न्हाई. त्यांचा मुलगा लातूरला क्लासला हाय, त्याच्यावर बोलत बसलो. तोबी म्हणतो म्हणे, मला नाही जमणार. वीस मिनिटांनी डॉक्टरच म्हणाले, चला. पूर्ण घाट पहिल्या-दुसऱ्यात, त्यांच्या चालीनं. देवणी एकदाबी कुरकुरली न्हाई. इतकी हळू चालवताना इतकं भारी कधी वाटलं नव्हतं.
वर पोचलो तर बाकीच्यांचं दर्शन होऊन चहा चालू. मॅडमनी घड्याळ बघितलं. डॉक्टरांनाच विचारलं, "हे कुठं होते?"
"मागेच. सतत मागेच."
मग देवणीपाशी आल्या. "चालू करा. रेस द्या. अजून." खिशातून पांढरा रुमाल काढला, सायलेन्सरच्या तोंडाशी धरला, दहापर्यंत मोजलं. मी सीटवर, मान वळवून. त्यांच्या पाठीमुळं काही दिसेना. रुमालाकडं बघितलं, चार घड्या घातल्या, खिशात.
"बुधवारी सांगते."
परतीलाबी शेवटची गाडी मीच. आरशात धूर न्हाई दिसला. ऊन समोरून होतं, म्हणून खात्रीनं लिहीत न्हाई.