मांजर, फुलपाखरू आणि अंगारा

वेस्ट विंडसर,
१२ नोव्हेंबर २००६

ती. प्रतिमाताई,
साष्टांग नमस्कार.

तुमचं दिवाळीचं पार्सल पोचलं. चकल्यांचा चुरा झाला होता, तोही चमच्याने संपवला. निधीची परीक्षा चालू आहे. थंडी मी म्हणतेय.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तुमचा भाऊ कान टवकारून बसतो. आणि खरं सांगायचं तर लाज वाटते. मला अवधूतचा संशय आला होता.

त्याच्या गाडीच्या डिकीत टॉवेलात गुंडाळलेली एक जुनी चिनी बशी सापडली. त्यावर निळी मांजर, वर फुलपाखराकडे बघणारी. विचारलं तर म्हणाला, "ऑफिसातल्या लिनने दिली. तिच्या आजीची आहे."

आजीची बशी कोणी सहकाऱ्याला देतं का हो? आणि दिली तर लपवायची कशाला? शिवाय दर गुरुवारी याची मीटिंग. परत येतो तो चेहरा उतरलेला, जेवण नको. म्हटलं, झालं! मांजर ती आणि फुलपाखरू हा. चार दिवस धड बोलले नाही त्याच्याशी.

काल बशी उचलली आणि जुन्या वस्तू विकणाऱ्या एका चिनी दुकानदाराकडे गेले. भांडायला पुरावा नको का? म्हातारा बशी बघून खूश झाला. त्यांच्या भाषेत मांजर आणि फुलपाखरू हे शब्द लागोपाठ म्हटले की ऐंशी-नव्वदीच्या माणसासाठी जो शब्द आहे तसाच उच्चार होतो म्हणे. म्हणजे, तेवढं जगा.

"आजोबांसाठी का?" त्याने विचारलं.

"नवऱ्याला मिळाली. चव्वेचाळीसचा आहे."

त्याचं हसू मावळलं. "आजारी आहेत का?"

ताई, मी गाडीत येऊन बसले. मग तुमचं पार्सल आठवलं. चकल्यांच्या डब्याखाली अवधूतच्या नावाची पुडी होती, महामृत्युंजय जपाचा अंगारा. "ताईंचं आपलं काहीतरीच!" म्हणून मी हसले होते. तो हसला नव्हता.

म्हणजे लिनला माहीत, तुम्हाला माहीत. सोळा वर्षं त्याचा डबा भरतेय मी, आणि मलाच पत्ता नाही. इतका राग आलाय, इतकी भीती वाटतेय, की हा तिसरा कागद घेतलाय. खाडाखोड समजून घ्या.

बशी देवघरात अंगाऱ्याशेजारी ठेवलीय. सकाळी त्याने पाहिली आणि समोर दिवा लावला. या गुरुवारी मी त्याच्या गाडीत जाऊन बसणार आहे. तो उतर म्हणाला तरी उतरणार नाही.

हे पत्र मिळेपर्यंत मला सगळं कळलेलं असेल. तुम्ही फक्त एवढंच कळवा: मला सांगू नका असं त्याने बजावलं होतं, की तुम्हालाच मी परकी वाटले?

सगळ्यात शेवटी कळलेली,
गिरिजा