सैतान डावखुरा होता, याला संदर्भ हवा

१ जुलै, मंगळवार. लातूर
आजपासून रोजनिशी. मोठ्या संशोधकांच्या रोजनिश्या त्यांच्या माघारी छापतात, म्हणून अक्षर नीट काढतोय.

विद्यापीठाने शेवटचं कळवलं. पीएच.डी.ची मुदत आता वाढणार नाही. २५ ऑगस्टला नांदेडला समितीपुढे सादरीकरण. पटलं तर प्रबंध जमा, नाही तर नोंदणी रद्द. रद्द झाली तर प्राचार्यपद मंजुषा मॅडमना जाणार. त्या माझ्याच इंग्रजी विभागात, मला ज्युनियर, पण डॉक्टरेट आधीच उरकून बसल्यात. संस्थाचालक म्हणाले, राजशेखर सर, डॉक्टर होऊन या, खुर्ची तुमची.

विषय: मध्ययुगीन इंग्रजी धार्मिक नाटकांतला सैतान. त्या काळी इंग्लंडात ही नाटकं गाड्यांवर व्हायची. गाडी या चौकातून त्या चौकात जायची. अख्ख्या मराठवाड्यात या विषयावर माझ्याइतका विचार कोणी केलेला नाही. वाचन तेवढं व्हायचंय.

संकल्प: पहाटे पाचला उठणे. रोज वीस पानं. चहा बंद.

२ जुलै
सव्वाआठला उठलो. शिवकांताने चहा करून ठेवला होता, टाकून देणं बरं दिसत नाही. बायको म्हणून ती चांगली आहे, पण संशोधकाच्या घरात शांतता लागते हे तिला कळत नाही. कुठल्याशा जुन्या चर्चासत्रात मिळालेल्या निळ्या पिशवीतून भाजी आणते आणि धाडकन ओट्यावर ओतते. म्हटलं, फेक ती पिशवी. म्हणाली, ऱ्हाऊ द्या, लई मजबूत हाय, तुमच्या चर्चासत्रांतून तेवढंच एक कामाचं निघालं.

५ जुलै, शनिवार. नांदेड
गाईड डॉ. माधवरावांकडे. चौथं प्रकरण सोडून बाकीचं सगळं आपण आधी कुठंतरी वाचलंय, असं म्हणाले. म्हणजे परंपरेशी नातं घट्ट आहे.

चौथं प्रकरण माझा आत्मा. सिद्धान्त असा की सैतानाची भूमिका नेहमी डावखुऱ्या नटाला देत. त्यानं डावा हात उचलला की लोक ओळखायचे, हा तो. सर म्हणाले, आधार काय? म्हटलं, तीन प्रबंधांत हे वाक्य आहे. ते म्हणाले की प्रबंध कसे होतात ते मला नका सांगू, मीच करून घेतो. मूळ संदर्भ हातात घेऊन या. तो नसेल तर २५ तारखेला येऊच नका, बसचं तिकीट वाचेल.

मूळ संदर्भ! माझी संदर्भसूची मी धर्माबादच्या एका प्रबंधातून घेतली. त्यांनी ती उदगीरच्या एका लेखातून घेतलेली. आमच्याकडे संदर्भसूची अशीच येते, शेजारून विरजण आणावं तशी. मूळ दूध कोणत्या म्हशीचं, हे विचारायची पद्धत नाही.

६ जुलै
डावखुऱ्यांबद्दल मला पुस्तकातून शिकायची गरज नाही. शिवकांता डावखुरी. लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात उदगीरला आमचे लिंगायतांचे गुरू, जंगम स्वामी, प्रसादाला म्हणजे जेवायला आले होते आणि हिनं त्यांना डाव्या हातानं वाढलं. स्वामी काही बोलले नाहीत. आई बोलली. मग आईनं तो श्रावण संपेपर्यंत हिचा डावा हात नाडीनं कमरेला बांधून हिला पंगतीत वाढायला लावलं. हात सुजायचा. पंगतीतले लोक हसायचे. मी मध्ये पडलो नाही, संस्काराच्या कामात पुरुषानं पडू नये. पण शिकली! आज उजव्या हातानं सराईत वाढते. आमची मुलगी सृष्टीही लहानपणी डाव्यानं लिहायची. तिला मी स्वतः पट्टीनं सुधारलं. शिवकांता तेव्हा दारात उभी होती, एक शब्द बोलली नाही. तिलाही पटलं असणार.

८ जुलै
मंजुषा मॅडम आपण होऊन आल्या. म्हणाल्या, सर, कॉलेजच्या ई-लायब्ररीत शोधा, परदेशी जर्नल्स मिळतात. त्यांना माहीत नाही की ती वर्गणी लायब्ररी कमिटीचा चेअरमन म्हणून मीच बंद केली. कोणी वापरत नव्हतं. मी खात्री करून घेतली होती, मी तरी वापरत नव्हतो.

मग त्यांनी परस्पर इंग्लंडच्या एका प्राध्यापक बाईंना ईमेल केला. या बाईंनी म्हणे उभा जन्म याच नाटकांत घातलाय. आगाऊपणा!

१० जुलै
इंग्लंडच्या बाईंचं उत्तर आलं. डावखुऱ्या सैतानाचा एकही पुरावा आपल्या पाहण्यात नाही, तुम्ही हे कुठे वाचलंत, असं अगदी नम्रपणे विचारलंय. मंजुषा मॅडमनी ते स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचून दाखवलं. लोकांना वाटलं माझी फजिती झाली. उलट आहे. उभा जन्म घालवून त्यांना जे माहीत नाही ते मला माहीत आहे. गाईड सर नेहमी विचारतात, रिसर्च गॅप कुठाय? ही काय गॅप, इंग्लंडात आहे.

१५ जुलै
मोबाईलमधल्या एआयला विचारलं. पाच पुस्तकं दिली, पान नंबरासकट. हर्ष झाला. संध्याकाळपर्यंत एकही पुस्तक जगात कुठं सापडेना. सृष्टी म्हणाली, पप्पा, ते मनाचंच सांगतं. ती बारावीला आहे, क्लासवाल्यांनी तिला उद्धट करून ठेवलंय. म्हटलं, तू तुझं बायोलॉजी बघ.

पहाटे पाचचं उठणं तूर्त स्थगित. झोपेत विचार चांगले येतात.

१९ जुलै
धर्माबादला रविकिरण सरांना फोन. ज्यांच्या प्रबंधातून मी सूची घेतली ते हेच. म्हणाले, हाव सर, लिवलंय की म्या. कुठून घेतलं ते आता न्हाई ध्यानात. उदगीरच्या चंद्रप्पा सरांच्या लेखात असंल बघा. मी त्यांना सुनावलं. मूळ न बघता वाक्य उचलणं ही चोरी आहे, तुमच्यासारख्यांनी संशोधनाची वाट लावली. ते म्हणाले, मग तुम्ही काय करून राहिले, सर? रेंज गेली.

२८ जुलै, पहिला श्रावणी सोमवार. उदगीर
चंद्रप्पा सर रिटायर होऊन घरी असतात. ऐकायला कमी. लेख काढून दाखवला. तळटीप: राष्ट्रीय चर्चासत्र स्मरणिका, लातूर, २००७, पान ४३. लेखकाचं नाव नाही. विचारलं तर म्हणाले, जागा पुरली न्हाई ओ, नाव काढून टाकलो. पण वाक्य लई दांडगं हुतं, म्हणून घेतलो. स्मरणिका तुमच्या लातूरचीच हाय की, तुमच्याकडंच असंल. म्हाताऱ्यांना सगळं सोपं वाटतं.

त्या चर्चासत्राला मी होतो बहुतेक. श्रीखंड होतं.

येताना बसमध्ये रात्रभर नसलं तरी अर्ध्या वाटेपर्यंत विचार करत होतो. कोण असेल हा माणूस? वाक्यात काय धार आहे! परदेशात शिकून आलेला असावा. असा विद्वान आपल्या लातूरमध्ये येऊन बोलून गेला आणि एकाला त्याचं नाव ठाऊक नाही. डोळ्यांत पाणी आलं. बाजूच्या प्रवाशानं कांदा कापलेला नव्हता, खरंच आलं.

३० जुलै
अर्पणपत्रिका लिहून काढली: ‘त्या अनाम विद्वानास, ज्याची योग्यता त्याच्या काळाला कळली नाही.’ बाकी प्रबंधापेक्षा ही जास्त जमलीय.

९ ऑगस्ट
लातुरातल्या सगळ्या कॉलेजांच्या लायब्रऱ्या पालथ्या घातल्या. २००७ ची स्मरणिका कुठंच नाही. एका ठिकाणी सांगितलं की तपासणी समिती यायची होती तेव्हा कपाटं भरलेली दिसावीत म्हणून ठेवली होती, समिती गेल्यावर रद्दीत घातली. मी त्या लायब्रेरियनला म्हटलं की तुम्ही ज्ञान विकलंत. तो म्हणाला, ज्ञानाला काही भाव आला नाही, सर.

१६ ऑगस्ट
गणेश मंडळाच्या पोरांकडून फ्लेक्स करून घेतला. माझा कोटातला फोटो, खाली ‘डॉ. राजशेखर सर यांचे हार्दिक अभिनंदन’. २५ ला संध्याकाळी चौकात लावायचा. आधी केला म्हणजे ऐनवेळी धावपळ नको.

संदर्भ मिळालेला नाही. मिळेल.

१८ ऑगस्ट, शेवटचा श्रावणी सोमवार
जंगम स्वामी प्रसादाला आले होते. शिवकांताने उजव्या हातानं काय सुंदर वाढलं! अभिमानानं त्यांना सांगितलं, बघा स्वामी, आईची शिकवण. स्वामी मान खाली घालून जेवत राहिले.

ते गेल्यावर माझा बांध फुटला. घरात मी कधी संशोधनाचं बोलत नाही, पण आज बोललो. एक स्मरणिका सापडत नाही म्हणून माझं आयुष्य मातीत चाललंय, म्हटलं. शिवकांताने विचारलं, कोणती? म्हटलं, तुला काय कळणार, लातूर, २००७. ती हात पुसत आत गेली. साडीच्या कपाटातून पिवळी पडलेली स्मरणिका आणून माझ्यापुढं टाकली. म्हणाली, पान त्रेचाळीस. मी पान नंबर सांगितलाच नव्हता.

म्हटलं, ही तुझ्याकडं कशी? म्हणाली, तुम्हीच आणली, त्या निळ्या पिशवीत हुती. पिशवी भाजीला घेतली, हे ठेवून दिलं.

पान ४३ उघडलं. लेखकाचा फोटो आहे. ओळखीचा वाटला. मिशी होती म्हणून वेळ लागला. मी.

१९ ऑगस्ट
रात्र गेली. शांतपणे विचार केला. म्हणजे मूळ संशोधक मीच. तीन प्रबंध, एक लेख, सगळे माझ्यावर उभे! त्या माणसाबद्दल मला पहिल्यापासून वाटत होतं की हा कोणीतरी मोठा आहे. अर्पणपत्रिका तशीच ठेवतो.

एवढंच की २००७ च्या लेखात त्या वाक्याला तळटीप नाही. कशावरून लिहिलं असेन? आठवायचा प्रयत्न केला. तो लेख मी उदगीरला लिहिला. श्रावण होता. पडवीत कागद मांडीवर घेऊन बसलो होतो आणि समोर शिवकांता एक हात कमरेला बांधून आमटीचं भांडं घेऊन चालली होती. सांडली. आई ओरडली, सैतान कुठली. मग मी ते वाक्य लिहिलं. प्रतिभा कुठून जागी होईल सांगता येत नाही.

२५ ऑगस्ट, सोमवार. नांदेड
सादरीकरण झालं.

स्मरणिका समितीपुढे ठेवली. बाहेरून आलेल्या तज्ज्ञ बाईंनी पान ४३ बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग परत फोटोकडे. विचारलं, हे तुम्हीच ना? हो म्हटलं. मग तुमच्या या वाक्याला आधार काय? मी म्हटलं, प्रत्यक्ष निरीक्षण. त्यांनी विचारलं, मध्ययुगीन इंग्लंडचं? माझ्या तोंडून निघून गेलं, उदगीरचं.

हशा झाला. पाणी देणारा शिपाईसुद्धा हसला. माधवराव हसले नाहीत, ते सही करत होते. नोंदणी रद्द. बाहेर येऊन म्हणाले, कॅन्टीनला चहा घेऊन जा, लांबचा प्रवास आहे. मला वाटतं त्यांना माझं वाईट वाटलं. चहा फिका होता.

मंजुषा मॅडमचा मेसेज आला, ‘सर, कसं झालं?’ पुढे हात जोडलेले.

२६ ऑगस्ट. लातूर
चौकातून येताना फ्लेक्स दिसला. पोरांनी ठरल्याप्रमाणे कालच लावलेला. उतरवा म्हटलं. म्हणाले, सर, मागची बाजू कोरी हाय, मांडवावर पावसाला टाकतो. आता मी उलटा होऊन गणपतीवर आहे.

दुपारी जेवायला बसलो. एवढी वर्षं ताटाशेजारी चौथं प्रकरण ठेवून जेवायचो, वाचत वाचत. आज वाचायला काही नव्हतं, म्हणून ताटाकडे बघत होतो. शिवकांताने आमटी वाढली. डाव्या हातानं.

म्हटलं, डाव्या हातानं वाढतेस? तिनं पळी खाली ठेवली नाही. म्हणाली, स्वामींना उजव्यानं वाढते. पाव्हण्यांना उजव्यानं. तुम्हाला ते पान वाचल्यापासून डाव्यानंच वाढते. रोज वाटायचं, आज बघतील. म्हणून पान जपून ठेवलं हुतं, तुम्ही विचारलं की दाखवायला. तुम्ही कधी वर बघितलंच न्हाई.

सृष्टी समोर बसून वही लिहीत होती. तिचं पेन डाव्या हातात होतं. ते कधीपासून, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

भूक होती. आणखी भात मागितला. डाव्या हातानं आला. खाल्ला.